पिशवी काढायची की नाही, हे ठरवायचे कोणी?

रोवणी आटोपली की माझ्या दवाखान्यात कंबरदुखी आणि अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायांची संख्या वाढते. दिवसभर चिखलात वाकून काम, लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून पाणी कमी पिणे, अंगात रक्त कमी. हे दरवर्षीचेच आहे.

अशाच दिवसांत पवनीकडील एका गावची चौतीस वर्षांची बाई नवऱ्यासोबत आली. दोन मुले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. एका खासगी रुग्णालयात तिला सांगण्यात आले होते, "पिशवीला सूज आहे. ठेवली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. काढून टाका." ऑपरेशनची तारीखही ठरली होती. पैशासाठी नवरा धान निघण्याआधीच व्यापाऱ्याकडून उचल घेणार होता. माझा सल्ला घ्यायला ते आलेच नव्हते. रक्तदाब तपासून 'ऑपरेशनला हरकत नाही' अशी चिठ्ठी तेवढी हवी होती.

मी विचारले, "बाई, तुम्हाला काय वाटते?"

ती म्हणाली, "मला काय समजते साहेब? डॉक्टरांनी सांगितलं, यांनी हो म्हटलं."

म्हणजे डॉक्टरांनी सुचवले, नवऱ्याने मान डोलावली आणि जिच्या पोटातील अवयव जाणार तिला कोणी विचारलेच नाही. आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

पिशवी केव्हा काढावी लागते?

गर्भाशय काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी ती करावी लागते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कशानेच थांबत नसेल तर याच शस्त्रक्रियेने बाईचा जीव वाचतो.

पण अंगावरून पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. संसर्ग कोणता ते पाहून कधी नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. रिपोर्टमध्ये 'बल्की युटेरस' लिहिले म्हणजे कॅन्सर आहे असेही नाही. मुले झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणे हे नेहमीचे आहे. त्रास न देणाऱ्या लहान गाठींवर लक्ष ठेवले तरी पुरते. पाळीत रक्त जास्त जात असेल तर आधी गोळ्या किंवा हार्मोनयुक्त तांबी असे उपाय आहेत. कॅन्सरची भीती असेल तर तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावी. मात्र पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते अंगावर काढू नये, लगेच तपासून घ्यावे.

पिशवीबरोबर बीजकोषही तरुण वयात काढले तर पाळी जाण्याच्या वेळचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी काही बायांचे बीजकोष लवकर थकतात. "एकदाची कटकट गेली" असे म्हणणाऱ्यांना ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

बीडमध्ये काय घडले?

ही गोष्ट एका गावापुरती नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा बायांमागे साधारण एक. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही. अशा स्थितीत पाळीच बंद झाली तर बरे, असे बाईला वाटते. त्यातच कॅन्सरची भीती दाखवली की ती पुढचे काही विचारत नाही.

म्हणून तेथे खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करावे लागले. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. या तत्त्वांत जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या आहेत.

खासगी चांगले की सरकारी?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो. माझे उत्तर असे की दोन्हीकडे चांगले डॉक्टर आहेत, पण दोन्हीकडे निर्णयावर दबाव टाकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या रुग्णाला माहीत असाव्यात.

खासगी रुग्णालयात यंत्रांचे हप्ते, इमारतीचे कर्ज, नोकरांचे पगार हे सारे रुग्णाच्या बिलातून निघते. शस्त्रक्रिया झाली तर पैसे मिळतात, "सध्या गरज नाही" असे सांगण्याचे फारसे मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील सरकारी संस्थांतील प्रसूतींपैकी १४.३ टक्के सिझेरियनने झाल्या होत्या, खासगीत ४७.४ टक्के. रुग्णालय बदलले म्हणून बाळंतिणीचे शरीर एवढे बदलत नाही.

सरकारी डॉक्टरला पगार ठरलेला असतो, ऑपरेशन केले काय न केले काय. त्यामुळे विनाकारण कापण्याचा मोह तेथे कमी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. पण तेथे उलट धोका आहे. माझ्या ओळखीच्या एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईचे हिमोग्लोबिन रक्तस्रावाने सहावर आले होते. तिला खरोखरच शस्त्रक्रिया हवी होती. एका सरकारी रुग्णालयात कधी भूलतज्ज्ञ नाही, कधी रक्त नाही, असे करत तारखांवर तारखा मिळाल्या. शेवटी "नागपूरला मेडिकलला जा" म्हणून चिठ्ठी मिळाली. मीच तिला खासगीत पाठवले आणि तेथे ती बरी झाली. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, हे आपला जिल्हा विसरलेला नाही. लोकांचा विश्वास का डळमळतो, हे मी समजू शकतो.

आता तिसराही एक भागीदार आला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खासगी रुग्णालयातही शासन पैसे भरते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण कोणता उपचार योजनेत बसतो हे यादीवरून ठरते आणि नियोजित शस्त्रक्रियेआधी कागद पाठवून मंजुरी घ्यावी लागते. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. मंजुरी म्हणजे पैसे देण्यास संमती. तुम्हाला शस्त्रक्रिया हवीच, असा त्याचा अर्थ नाही.

माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरचाही यात वाटा आहे. आमची चिठ्ठी कोणाच्या नावाने जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे. तरी 'कट' हा शब्द आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे, हे लपवून काय उपयोग?

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल प्रत्येक बाईला माहीत असावा. एका महिलेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोष काढून टाकले. न्यायालयाने सांगितले, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः उत्तर देऊ शकत असेल आणि जीवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्यावतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. जी गोष्ट आईला लागू, ती नवऱ्यालाही लागू.

सही करण्यापूर्वी विचारा

घाईचा रक्तस्राव किंवा जीवावरचा प्रसंग नसेल तर आठ-पंधरा दिवस थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. तेवढ्यात पुढील प्रश्न विचारा.

१. मला नेमका आजार कोणता? कागदावर लिहून द्याल का?
२. औषधाने किंवा अन्य उपायाने भागेल का? तो करून पाहिला आहे का?
३. ऑपरेशन केले नाही तर काय होईल आणि किती दिवसांत?
४. बीजकोष ठेवणार की काढणार? का?
५. एकूण खर्च किती? योजनेत बसते का?

खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद लावणे २०२१ पासून राज्याच्या नियमात आहे. दाखल रुग्णाने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. खासगीत सांगितले असेल तर सरकारीत दाखवा, सरकारीत नुसत्या तारखा मिळत असतील तर बाहेर विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे ऑपरेशन करण्याआधी पुन्हा विचार करावा.

त्या बाईला मी चिठ्ठी दिली नाही. तिला समोर बसवून वरचे सगळे समजावले. नंतर म्हणालो, "पिशवी तुमची आहे, ठरवायचे तुम्हीच." नवरा चुळबुळला, पण ऐकून घेतले. ती जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात गेली. गर्भाशयमुखाची तपासणी झाली, त्यात दोष निघाला नाही. दोघांना औषध मिळाले, तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी पांढरे जाणे थांबले होते. कंबर अजून दुखते, आणि रोवणीला वाकणे आहे तोवर थोडीफार दुखणारच.

ऑपरेशन मात्र झाले नाही, आणि तसे तिने स्वतः ठरवले.