विश्लेषण : गोधडीला आधी काठ की आधी रंग?

घराघरांतल्या पेट्यांमध्ये जुन्या सुती साड्या पडून आहेत आणि त्यांची गोधडी शिवून घ्यावी, असे अनेकांच्या मनात असते. अडचण एकच, साडी एकदाच कापता येते. कागदावर नक्षी न काढता, हाताला येईल तसे तुकडे जोडत जाणारी गोधडी (सोलापूर भागात वाकळ, कन्नडभाषक घरांत कौदी) दिसायला मनमानी वाटते. पण ती फसते बहुधा दोन कारणांनी : काठ अर्ध्यावर संपतो किंवा एखाद्या तुकड्याचा रंग शेजारच्यावर उतरतो.

काठाचा हिशेब आधी का करायचा?

तुकडे कमी पडले तर दुसऱ्या कापडाचे लावता येतात, काठाचे तसे नसते. एकट्याची गोधडी साधारण ५ बाय ७ फुटांची धरली, तर तिचा घेर २४ फूट होतो. नऊवारीचा एक काठ २७ फूट, म्हणजे एका काठात चारही बाजू होऊन कोपऱ्यांसाठी ३ फूट उरतात! सहावारीचा काठ मात्र १८ फुटांचा; तिथे दोन्ही काठ लागतात. त्यातही खालचा काठ पायात घासून विरलेला असतो. म्हणून फॉल उसवा, काठ उजेडात धरून पाहा आणि वरचा चांगला निघाला तर तोच घ्या.

साडीच्या काठाची किनार विणतानाच पक्की झालेली असते. ती बाहेरच्या बाजूला ठेवली की दुमडायची गरज नाही. आतल्या बाजूला मात्र शिलाईसाठी बोटभर अंगाचे कापड सोडूनच कापावे.

इरकलीचा लाल किंवा डाळिंबी काठ उठून दिसतो, त्यामुळे मोह होणारच. पण काठ रेशमी आणि अंग सुती असेल, तर धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत आणि कडेला चुण्या पडतात. साडी आधी धुऊन, वाळवून मगच कात्री लावावी. जरीचा काठ गालाला टोचतो. तो लावायचाच असेल तर पायाकडच्या बाजूला.

रंग कसे जुळवायचे?

काठात जो रंग आहे, त्याचे तीन-चार तुकडे मधल्या भागात विखरून टाका. एकाच कोपऱ्यात नकोत. बाकी रंग कितीही वेगळे असले तरी गोधडी एकसंध दिसते. रंग जुळण्यापेक्षा गडद-फिके जुळणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी हातातला फोन पुरतो. तुकडे जमिनीवर मांडून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. लाल आणि हिरवा तुकडा त्यात अनेकदा एकाच राखाडी छटेचे निघतात, म्हणजे शेजारी ठेवले तर दुरून त्यांचा ठिपकाच होणार. मध्ये एक फिका तुकडा सरकवा. सगळेच तुकडे फुलाफुलांचे असतील, तर नजरेला थांबायला दोन-चार साधे हवेतच.

खणाचे तुकडे सुंदर दिसतात, पण कडा पटकन उसवतात. ते लहान ठेवून चांगले दुमडावेत.

कोणते कापड टाळावे?

रंग उतरणारे. कडेला ओला पांढरा रुमाल घासून पाहा. डाग उमटला तर ते कापड वेगळे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही उतरत असेल तर फिक्या तुकड्यांशेजारी नको. मिठाच्या पाण्यात भिजवण्याच्या उपायावर आम्ही तरी विसंबणार नाही.

पॉलिएस्टरच्या साड्या रंगाने पक्क्या असतात, पण घाम शोषत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशी गोधडी घडीतच राहील. आत दोन-तीन सुती साड्यांचे थर पुरतात आणि ते फिके हवेत, नाहीतर वरच्या पांढऱ्या तुकड्यातून गडद रंग डोकावतो. जुनी सोलापुरी चादर आत घालायची असेल तर एकच. सुई जड जाते आणि पावसाळ्यात गोधडी वाळता वाळत नाही.

आणि कोपरे?

काठ कोपऱ्यावर तिरका दुमडून जुळवणे नवख्याला जमत नाही. सरळ एकावर एक ठेवून शिवला तरी चालतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवताना काठापासून आत टाके घालत जातात आणि चारही कोपऱ्यांवर छोट्या तुकड्यांची ‘फुले’ बसवतात. काठ कोपऱ्यात थोडा कमी पडला असेल, तर तोही त्या फुलाखाली झाकला जातो.