मूत्र-जनन तंत्र
मूत्र तयार करून बाहेर टाकणारी इंद्रिये आणि प्रजोत्पादनाची इंद्रिये यांना मिळून ही संज्ञा देतात. दोहोंची कार्ये भिन्न असली, तरी भ्रूणात ती मुख्यत्वे एकाच ऊतकापासून, म्हणजे मध्यस्थ मध्यस्तरापासून, उद्भवतात. म्हणून त्यांचे वर्णन एकत्र केले जाते.

शारीर : प्रत्येक वृक्कात (मूत्रपिंडात) सरासरीने सु. १० लाख वृक्काणू (मूत्रनिर्मितीची सूक्ष्म एकके) असतात. मूत्र मूत्रवाहिनीतून मूत्राशयात येते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. पुरुषात मूत्र व रेत यांना मूत्रमार्ग समाईक असतो. स्त्रीमध्ये मूत्रमार्ग व योनिमार्ग स्वतंत्र असतात.

वृक्कांचा विकास : मानवी भ्रूणात वृक्कांच्या तीन जोड्या क्रमाने दिसतात. चौथ्या आठवड्यातील पूर्ववृक्क लवकरच नाहीसे होतात. नंतरचे मध्यवृक्क काही काळ कार्य करून ऱ्हास पावतात. त्यांची वोल्फ नलिका मात्र टिकते. पाचव्या आठवड्यात तिला फुटणारा अंकुर शेजारच्या ऊतकात शिरतो व त्या दोहोंपासून कायमचे वृक्क बनतात. ते श्रोणीत (ओटीपोटाच्या पोकळीत) तयार होऊन वर सरकतात. त्यांची खालची टोके जुळल्यास नालाच्या आकाराचा एकच वृक्क बनतो.

जननेंद्रियांचा विकास : सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक भ्रूणात, लिंग कोणतेही असो, वोल्फ व म्यूलर या दोन्ही नलिकांच्या जोड्या तयार होतात. वाय् गुणसूत्रावरील एसआरवाय जीन (शोध १९९०) जनन ग्रंथीला वृषणाकडे वळवितो. वृषणातील टेस्टोस्टेरोनामुळे वोल्फ नलिकेपासून अधिवृषण, रेतवाहिनी व रेताशय बनतात, तर प्रति-म्यूलर हॉर्मोनामुळे म्यूलर नलिका लोपते. वृषण नसल्यास म्यूलर नलिकांपासून अंडवाहिन्या, गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग बनतो. आल्फ्रेड जॉस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सशाच्या गर्भातील जनन ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा सर्व गर्भांत स्त्री-नलिकाच विकसित झाल्या (१९४७).

वैद्यकीय महत्त्व : म्यूलर नलिका वोल्फ नलिकेच्या आधारानेच खाली वाढते. एका बाजूची वोल्फ नलिका न बनल्यास त्या बाजूचा वृक्क तर नसतोच, शिवाय मुलीमध्ये गर्भाशयाचा तो अर्धाही सदोष असू शकतो. म्हणून गर्भाशयाची जन्मजात विकृती आढळल्यास वृक्कांची श्राव्यातीत (सोनोग्राफी) तपासणी करतात. ती न करता श्रोणीतील गाठ म्हणून काढलेला अवयव रुग्णाचा एकमेव, स्थानभ्रष्ट वृक्क असण्याचा धोका असतो.