गोळी सुटताना : शामक औषधे कमी करताना होणारा त्रास

आमच्या मनोविकार विभागात आलेल्या एका आजींची हकीकत, त्यांची ओळख न देता, येथे नमूद करावीशी वाटते. पतीच्या निधनानंतर त्यांची झोप उडाली, तेव्हा त्यांना काही आठवड्यांसाठी अल्प्राझोलामची गोळी लिहून देण्यात आली. आठवडे सरले, वर्षे सरली. गोळी मात्र उशाशीच राहिली. अशा गोळ्यांनी स्मरणशक्ती मंदावते, हे वाचून मुलाने एके दिवशी सर्व गोळ्या घराबाहेर फेकून दिल्या. पहिल्या रात्री आजींचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हातापायांना कंप सुटला. तिसऱ्या दिवशी आकडी आली आणि त्यांना आमच्याकडे आणावे लागले. मुलाचा हेतू चांगला होता आणि आजींचाही काही अपराध नव्हता. उणीव होती ती माहितीची. ती काही अंशी भरून निघावी, यासाठी हे टिपण.

या वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, सन १९६० मध्ये बाजारात आले. डायझेपाम १९६३ मध्ये आले. त्यापूर्वी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट औषधांपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित होती, म्हणून जगभर त्यांचे स्वागत झाले. आजही ही औषधे टाकाऊ नाहीत. आकडी थांबविण्यासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी, किंवा तीव्र चिंतेच्या प्रसंगी अल्पकाळ दिल्यास ती उपकारक ठरतात. अडचण उद्भवते ती दोन ते चार आठवड्यांसाठी योग्य असलेले औषध वर्षानुवर्षे चालू राहिल्यामुळे.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन असते. मज्जासंस्थेची उत्तेजना आवरून धरण्याचे, म्हणजे लगामाचे काम ते करते. शामक गोळी हा लगाम अधिक घट्ट करते, म्हणून मन शांत होते आणि झोप येते. परंतु बाहेरून कोणी रोज लगाम खेचू लागले, की मेंदू आपली स्वतःची पकड सैल करतो. अशा स्थितीत गोळी एकाएकी बंद झाली, तर लगाम धरायला कोणीच उरत नाही आणि घोडा उधळतो. पूर्वीची पकड परत येण्यास मेंदूला आठवडे, क्वचित महिने लागतात. मधल्या काळातील त्रासालाच वैद्यकीय भाषेत 'विथड्रॉवल' म्हणतात.

निद्रानाश, अस्वस्थता, छातीत धडधड, घाम, कंप, स्नायूंचा ताठरपणा, मळमळ ही त्याची नेहमीची लक्षणे होत. काहींना उजेड व आवाज सहन होत नाही, अंगाला मुंग्या येतात, किंवा आपण स्वतःपासूनच दूर गेलो आहोत असे वाटते. औषध अचानक थांबविल्यास आकडी येणे व भ्रम होणे असे प्राणावर बेतणारे प्रसंगही ओढवतात. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्याने त्याच्या बाबतीत आठवडाही लागू शकतो.

येथेच बहुतेकांची गफलत होते. रुग्णाला वाटते, मूळचा आजार परतला. घरच्यांना वाटते, मनाचा निग्रह कमी पडला. डोस कमी केल्यावर लगेच सुरू होणारा, पूर्वी कधीही नसलेली लक्षणे घेऊन येणारा आणि लाटेसारखा चढत-ओसरत जाणारा त्रास बहुधा विथड्रॉवलचा असतो. अंतिम निर्णय अर्थातच तज्ज्ञांनी करावयाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेऊन शरीराला तिची सवय जडलेल्या माणसाला व्यसनी म्हणणे, हा तर त्याच्यावर अन्याय आहे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालविला. औषध सावकाश कमी करावे आणि त्याची गती रुग्णाच्या सहनशक्तीप्रमाणे ठरवावी, हे त्यांच्या अनुभवाचे सार होते. सन २०२५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के इतकीच घट करून प्रारंभ करावा. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये. यातील 'चालू डोस' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रोजच्या २ मिलिग्रॅममधून ०.२ मिलिग्रॅम कमी करणे म्हणजे १० टक्के घट. परंतु डोस ०.५ मिलिग्रॅमवर आल्यावर तेवढेच कमी केले, तर ती ४० टक्के घट होते. म्हणून जिना उतरताना शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात.

कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे, की गोळ्या लपवू नयेत, फेकू नयेत, आणि रुग्णाला टोमणे मारू नयेत. डोस, झोप आणि त्रास यांची रोज वहीत नोंद ठेवावी. गोळीची जागा मद्याला कदापि घेऊ देऊ नये. आकडी, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार दिसताच रुग्णालय गाठावे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर गोळी मिळविण्याचा आग्रह धरू नये. मानसिक आधारासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

आजींचा डोस आम्ही प्रथम पूर्ववत स्थिर केला आणि नंतर थोडाथोडा कमी करीत आणला. दोनदा त्रास वाढला, तेव्हा तेथेच थांबलो. मागे मात्र फिरलो नाही. आज वर्ष उलटून गेले आहे आणि पाव गोळी अद्याप उरली आहे. वही मुलगाच लिहितो.

या उपचाराला महागडी यंत्रे लागत नाहीत. त्याला लागतो तो डॉक्टरांचा आणि समुपदेशकांचा वेळ. पुन्हा पुन्हा, न कंटाळता दिलेला.