चौकट काय सांगते?

आपल्या घरांत काचेची फ्रेम म्हटली की दोनच गोष्टी आठवतात : देव आणि गेलेली माणसं. अशी तसबीर आपण उंच टांगतो, हार घालतो, हात जोडतो. निरखून बघत मात्र नाही. प्रदर्शनात तर बघणंच अपेक्षित असतं. म्हणून फ्रेम निवडणं ही नुसती सजावट नव्हे. समोरच्यानं काय करायचं, हे ती सांगते.

आपल्या जिंतूरजवळच्या नेमगिरीचंच घ्या. तिथली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती लहानशा दगडावर टेकलेली आहे, खाली पोकळी दिसते. छायाचित्रावर पुठ्ठ्याचा माउंट बसवला की त्याची खिडकी प्रिंटच्या कडा काही मिलिमीटर झाकते. त्यात ती पोकळीच गेली तर? उरते नुसती एक मूर्ती! म्हणून आम्ही म्हणतो, चित्राभोवती पांढरी किनार सोडून छापा. माउंट त्या किनारीवर टेकू द्या.

इमॅन्युएल कांटनं १७९० साली सोनेरी चौकटीचं उदाहरण दिलं. केवळ चित्राची वाहवा व्हावी म्हणून ती लावली, तर तो भपका; खऱ्या सौंदर्याला तो बाधतो. तेव्हा पट्टी बारीक, साधी घ्यावी. माउंट हवाच, त्यामुळे काच प्रिंटला चिकटत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे नजरेसमोर यावा.

आणि आजोबांची जुनी तसबीर मांडायची असेल तर? ती तिच्या जुन्या चौकटीसकट मांडा. घरानं त्या माणसाला कसं जपलं, हे तिथं चौकटच सांगते.