आल्प्सचे घाट ते डुब्रोव्निकचा समुद्र: युरोपातली रोड ट्रिप आखताना आधी काय ठरवायचं?

सकाळी बर्फाच्या भिंतींमधून जाणारी गाडी, दुपारी हिरव्या-निळ्या नदीचा काठ आणि शेवटी लाल कौलांचं गाव, त्याच्या पायाशी समुद्र. युरोपातल्या रोड ट्रिपचं असं रील बघून अनेक जण लगेच मॅप उघडतात आणि किलोमीटर मोजायला लागतात.

पण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी अंतर हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. कोणता घाट कधी उघडतो, व्हिसावर किती वेळा प्रवेश मिळतो आणि भाड्याची गाडी कोणकोणत्या देशांत नेता येते, या तीन गोष्टींवर खरा मार्ग ठरतो.

उदाहरण म्हणून ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग ते क्रोएशियातलं डुब्रोव्निक हा मार्ग घेऊया. वाटेत ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया असे तीन देश लागतात. घाटातून गेलं तर अंतर साधारण ११०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-गोवा जाऊन-येऊन होतं तेवढं.

जायचं कधी?

या मार्गावरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे ग्रोसग्लॉकनर हाय अल्पाइन रोड. १९३५ साली सुरू झालेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता ३६ हेअरपिन वळणं घेत अडीच हजार मीटरच्या वर चढतो. ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर ग्रोसग्लॉकनर (३,७९८ मीटर) इथून दिसतं.

हिवाळ्यात हा रस्ता पूर्ण बंद असतो. साधारण मेच्या सुरुवातीला बर्फ हटवून तो उघडतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा बंद करतात. हंगामातही रात्री गाड्या सोडत नाहीत. म्हणजे एप्रिलच्या सुट्टीत ही ट्रिप आखली, तर तिचा सर्वांत देखणा भाग हातचा जातो.

पुढे स्लोव्हेनियातली १,६११ मीटर उंचीची वर्शिच खिंडही हिवाळ्यात बर्फामुळे बंद होते. इथे ५० हेअरपिन वळणं आहेत. प्रत्येकावर क्रमांक लिहिलेला आहे आणि उत्तरेकडच्या वळणांवर दगडी फरसबंदी आहे. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांना राबवून हा रस्ता बांधून घेतला गेला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले अनेक जण गाडले गेले. त्यांच्या आठवणीत बांधलेलं लाकडी चॅपल आजही वाटेत दिसतं.

मग जुलै-ऑगस्ट चालेल का? रस्ते उघडे असतात, पण अर्धा युरोप याच काळात क्रोएशियाच्या किनाऱ्याकडे निघालेला असतो. तिथल्या बऱ्याच अपार्टमेंट्सचं बुकिंग शनिवार ते शनिवार असतं. त्यामुळे शनिवारी बोगदे आणि टोलनाक्यांवर लांबच लांब रांगा लागतात. घाट उघडे आणि गर्दी कमी, असा मेळ जून किंवा सप्टेंबरमध्ये बसतो.

व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा?

तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला. त्यामुळे एकाच व्हिसावर आणि एकाच चलनात ही ट्रिप होते.

नियम असा आहे: ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम समसमान असेल तर जिथून पहिल्यांदा प्रवेश करणार, त्या देशाकडे. ऑस्ट्रियात ३, स्लोव्हेनियात ३ आणि क्रोएशियात ५ रात्री असतील, तर विमान ऑस्ट्रियाचं असलं तरी अर्ज क्रोएशियाकडे जातो.

म्हणूनच कुठे किती रात्री राहायचं, हे अर्जाच्या आधीच ठरवावं लागतं. अर्जासोबत राहण्याच्या बुकिंगचे कागदही लागतात. ती बुकिंग फुकट रद्द करता येतील अशी घेतलेली बरी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कवच असलेला प्रवास विमा बंधनकारक आहे.

नेउमची भानगड काय आहे?

स्प्लिटहून डुब्रोव्निककडे जाताना क्रोएशियाचा किनारा मध्येच तुटतो. नेउम या गावापाशी सुमारे २० किलोमीटरचा किनारा बॉस्निया-हर्झेगोव्हिनाचा आहे.

याचं मूळ १६९९ च्या कार्लोविट्झ तहात आहे. डुब्रोव्निक तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि त्याला व्हेनिसची धास्ती होती. व्हेनिसची हद्द आपल्याला थेट भिडू नये म्हणून त्याने मधली पट्टी ऑटोमन साम्राज्याच्या हवाली केली. तीच पट्टी पुढे बॉस्नियाकडे राहिली.

बॉस्निया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एन्ट्री व्हिसा असलेला प्रवासी नेउममध्ये शिरला, तर तो शेंगेनमधून बाहेर पडला असा त्याचा अर्थ होतो. त्याचा एकमेव प्रवेश वापरून झालेला असतो. पुढे डुब्रोव्निककडे जाताना क्रोएशियाच्या चौकीवर त्याला अडवलं जाऊ शकतं. हॉटेल पुढे, परतीचं विमान पुढे आणि प्रवासी सीमेवर, अशी वेळ येते.

यावरचा उपाय म्हणजे पेल्येशाट्स पूल. २६ जुलै २०२२ रोजी सुरू झालेला हा सुमारे २.४ किलोमीटरचा पूल नेउमला वळसा घालून क्रोएशियाचे दोन्ही तुकडे जोडतो. नेव्हिगेशन ॲप नेउमचा रस्ताही सुचवू शकतं. म्हणून त्या दिवशी मार्गात हा पूल मुद्दाम टाकून घ्यावा. मोस्टार (बॉस्निया) किंवा कोटोर (माँटेनेग्रो) बघायचं असेल, तर मल्टिपल एन्ट्री व्हिसा हवाच. शिवाय त्या देशांचे प्रवेशाचे नियम वेगळे तपासावे लागतात.

गाडी भाड्याने घेताना काय विचारायचं?

सर्वांत आधी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना, म्हणजे आयडीपी. तो भारतातच आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत लागतो. नुसता आयडीपी पुरेसा नाही.

मग कंपनीला चार प्रश्न लेखी विचारावेत:

• गाडी कोणकोणत्या देशांत नेता येईल आणि त्याचे जादा पैसे किती?
• एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर किती आकार पडेल? ही रक्कम मोठी असू शकते. कधी कधी गाडी परत आणून देणं स्वस्त पडतं.
• अपघात झाला तर विम्यानंतरही खिशातून किती भरावे लागतील?
• गाडी ऑटोमॅटिक आहे का? युरोपात मॅन्युअल गाड्या बऱ्याच असतात. डाव्या बाजूचं स्टिअरिंग, उजव्या हाताला गिअर आणि समोर घाट, ही कसरत पहिल्याच दिवशी नको.

अनामत रकमेसाठी कंपन्या बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, हेही लक्षात ठेवावं.

टोल कसा भरतात?

तीन देश, वेगवेगळ्या पद्धती. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात मोटारवेसाठी विन्येट घ्यावं लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास. नाक्यावर थांबायचं नसतं, कॅमेरे नंबर प्लेट वाचतात. स्लोव्हेनियात विन्येटशिवाय सापडलात तर दंड ३०० युरोंपासून सुरू होतो. आठवड्याचा पास त्याच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. भाड्याच्या गाडीवर विन्येट आधीच आहे का, हे चावी घेतानाच विचारावं.

ग्रोसग्लॉकनर रस्ता या पासमध्ये येत नाही. त्याचा वेगळा टोल कारसाठी दिवसाला ४० युरोंहून जास्त आहे. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाला जोडणाऱ्या काराव्हांकेन बोगद्याचेही वेगळे पैसे पडतात. क्रोएशियात मात्र जितकं अंतर तितका टोल.

रोज किती गाडी चालवायची?

मोटारवेवर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा असल्याने अंतर भराभर कापलं जातं. घाटात तो हिशोब चालत नाही. ग्रोसग्लॉकनरच्या ४८ किलोमीटरना थांबे धरून अर्धा दिवस द्यावा. वर्शिच आणि त्यापुढचं सोचा नदीचं खोरं यांना पूर्ण दिवस लागतो. याच खोऱ्यात १९१५ ते १९१७ दरम्यान इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. कोबारिद गावातलं संग्रहालय तो इतिहास सांगतं.

ऑस्ट्रियातला एक नियम आधीच माहीत हवा. मोटारवेवर गाड्या तुंबल्या की डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सर्वांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची. रुग्णवाहिका दिसायची वाट बघायची नाही, गाड्या तुंबायला लागल्या की लगेच.

रियेकानंतर दोन पर्याय आहेत: आतून वेगाने जाणारा मोटारवे किंवा समुद्राला लागून जाणारा जुना रस्ता. वेलेबिट डोंगरावरून ‘बुरा’ नावाचा जोरदार वारा सुटला, तर किनाऱ्याचे काही रस्ते आणि पूल तात्पुरते बंद करतात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी लांबचा टप्पा ठेवू नये.

थोडक्यात क्रम काय?

आधी महिना ठरवा, मग रात्रींची विभागणी, मग व्हिसाचा अर्ज आणि आयडीपी. गाडी फुकट रद्द होईल अशी घ्या आणि पक्के पैसे व्हिसा हातात आल्यावरच गुंतवा. व्हिसा मिळाल्यावर त्यावरची तारीख, दिवसांची संख्या आणि ‘एन्ट्री’ पुढचा आकडा नीट वाचा. तिथे १ असेल, तर मार्गात पेल्येशाट्स पूल हवाच.