चक्कर आणि कान

कूस बदलली की घर गरगर फिरतं? आपण लगेच म्हणतो, अशक्तपणा. पण दोष कानाचाही असू शकतो.

कानाच्या पडद्यामागची ३ इवली हाडं आवाज आतल्या शंखाला पोचवतात. शंखाला लागूनच ३ अर्धगोल नळ्या असतात. डोकं हललं की त्यांतलं पाणी हलतं आणि मेंदूला तोल कळतो.

शेजारीच चुनखडीसारखे सूक्ष्म कण असतात. ते निसटून नळीत शिरले, की कूस बदलताना, वर फळीकडे बघताना मिनिटभर गरगरतं. कानात तेल नका घालू, ते पडद्याशीच थांबतं! कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक रीतीनं वळवून कण जागी नेतात. बहुतेकींना तेवढ्यानं उतार पडतो.

मात्र बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तर वाट बघू नका, १०८ला फोन लावा.