रिकाम्या कप्प्याची नक्कल

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून निघाले. आता समजा, अशा एखाद्या दप्तरात कारकुनाला सांगितले, ‘प्रत्येक रुमालातले झाडून सारे कागद उतरवून घे.’ एक रुमाल सोडावा, तर आत काहीच नाही! शहाणा कारकून वहीत ‘रुमाल रिकामा’ असे टिपील आणि पुढच्या रुमालाला हात घालील. संगणकाला मात्र एवढे शहाणपण आपणच शिकवावे लागते. ते कसे, हे आज पाहू.

पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेची स्थापना १९८८ सालची. तिने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सवर उभी आहे. अशा प्रणालीत ‘शेल’ नावाचा एक दुभाषी असतो. आपण आज्ञा लिहायची, त्याने ती वाचून यंत्राकडून करवून घ्यायची. रोज लागणाऱ्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या, की झाली शेल स्क्रिप्ट.

समजा, एका गुरुजींनी पाचवी ते दहावीच्या गुणपत्रकांचे सहा कप्पे, म्हणजे फोल्डर, केले आहेत. शाळा सुटताना त्यांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायची. नकलेची आज्ञा ‘सीपी’. पण प्रत्येक फाइलीचे नाव लिहीत कोण बसणार? म्हणून कप्प्याच्या नावापुढे * ही चांदणी लिहितात. तिचा अर्थ ‘यातले सारे’. शेल आधी चांदणीच्या जागी खरी नावे भरतो, आणि मग ती यादी सीपीच्या हाती देतो.

पण सातवीची चाचणी अजून व्हायचीच आहे. कप्पा रिकामा. भरायला नावच नाही, तेव्हा शेल चांदणी आहे तशीच पुढे ढकलतो आणि सीपी ‘चांदणी’ याच नावाची फाइल शोधू लागते! जणू आपला कारकून ‘झाडून सारे’ या नावाचा कागद हुडकीत बसला. १९७१ सालच्या पहिल्या युनिक्समध्ये अशा वेळी ‘जुळणारे काही नाही’ असे सांगून काम थांबवीत. १९७९ साली आलेल्या बॉर्न शेलने चांदणी तशीच पुढे देण्याची रीत ठेवली, आणि आज सर्वत्र वापरात असलेला ‘बॅश’ शेल तीच पाळतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडले? बिघडते ते असे. ‘चूक होताच थांब’ अशी ओळ स्क्रिप्टमध्ये असली, तर काम सातवीपाशी अडते. आठवी, नववी, दहावीची नक्कल होतच नाही. पडद्याकडे कोणी पाहिले नाही, तर महिनाभर पत्ता लागत नाही, आणि नेमका तेव्हाच संगणक बिघडला तर? कप्पा रिकामा सातवीचा, नुकसान दहावीच्या मुलांचे!

काहीजण यावर सोपी युक्ती काढतात : चुकीचा संदेश दाबून टाकायचा. हे करू नये. कुत्रे उगाच भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर आल्यावरही ते गप्पच राहील. पेनड्राइव्ह भरला, तरी आपल्याला कळणार नाही.

बरे उपाय दोन आहेत. पहिला, आधी विचारून घेणे. बॅशमध्ये ‘नलग्लॉब’ ही सोय चालू केली, की काही न जुळल्यास चांदणी नाहीशी होते. मात्र तेवढ्यावर सीपीला हाक मारू नका. उरलेले एकच नाव ती उतरवायची वस्तू समजेल, आणि ‘काय उतरवू’ ते कळले, पण ‘कुठे ठेवू’ ते कळले नाही, अशी पुन्हा तक्रार करील. नावे आधी यादीत घ्यावीत आणि मोजावीत. शून्य आली, तर ‘कप्पा रिकामा’ असे नोंदवून पुढे जावे.

दुसरा उपाय अधिक सोपा : कागद सोडून न घेता रुमालासकट नक्कल करणे. सीपीपुढे एक आडवी रेघ व इंग्रजी मोठा आर लिहून कप्प्याचेच नाव दिले, की रिकामा कप्पासुद्धा पलीकडे तयार होतो. शिवाय ज्यांचे नाव टिंबाने सुरू होते अशा लपलेल्या फाइली चांदणी सहसा धरीत नाही. त्याही या रीतीने येतात. चांदणीला रिकामा दिसला तो कप्पा खरोखर रिकामा असतोच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

रिकामा कप्पा कशाला जपायचा, असे कोणी विचारील. सातवीची चाचणी व्हायची आहे, हीसुद्धा नोंदच नव्हे का? २००५ साली निघालेली ‘गिट’ ही प्रणाली रिकामे कप्पे नोंदवीत नाही, म्हणून तिथे लोक मुद्दाम एक लहानशी फाइल आत ठेवतात.

आणि शेवटी, शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. नक्कल झाल्यावर दोन्हीकडचे कप्पे मोजावेत, फाइली मोजाव्यात, आणि यादीतला अगदी शेवटचा कप्पा स्वतः उघडून पाहावा. काम मध्येच अडले असेल, तर ते तिथेच उघडे पडते.